काळ्या रंगात शिसं, चंदेरीत कॅन्सर? कृत्रिम रंगांचा खरा धोका नेमका कुठे असतो?

रंगपंचमी जवळ आली की एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. काळ्या रंगात लेड ऑक्साइड, हिरव्यात कॉपर सल्फेट, लाल रंगात मर्क्युरी सल्फाइड आणि चंदेरीत अ‍ॅल्युमिनियम ब्रोमाइड. प्रत्येक रंगासमोर एकेक आजार लिहिलेला. यादी इतकी नीटनेटकी असते की खरीच वाटते. बातम्यांमध्येही ती वर्षानुवर्षं जशीच्या तशी येत राहते.

यातलं फक्त चंदेरीचं बघू. अ‍ॅल्युमिनियम ब्रोमाइड साध्या दमट हवेतही धूर सोडतं आणि पाणी पडलं की उसळून उठतं. पुड्या बांधून टपरीवर विकता येईल अशी ती वस्तूच नाही. अंगाला लावून वर पिचकारी मारली तर काय होईल, याचा विचार यादी बनवणाऱ्याने केलेला दिसत नाही. चंदेरी रंगात असते ती साधारणपणे अ‍ॅल्युमिनियम धातूची बारीक पूड. तीही डोळ्यात किंवा श्वासात जाणं वाईटच, पण ती गोष्ट वेगळी.

मग बाजारातले स्वस्त रंग सुरक्षित आहेत का? अजिबात नाही. मॅलाकाइट ग्रीन, ऱ्होडामाइन बी असे कापड, कागद, चामडं रंगवायला बनवलेले रंग पिठूळ पावडरीत मिसळून विकले जातात. मेसेजची अडचण अशी की तो डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरून धोका ठरवतो. काळा म्हणजे घातक, पिवळा त्यातल्या त्यात बरा. प्रत्यक्षात धोका रंगाच्या छटेत नसतो. रेणू कुठला आहे, तो कुठल्या वाटेने शरीरात जातो आणि किती वर्षं जात राहतो, यावर सगळं ठरतं. कित्येकदा सगळ्यात वाईट पदार्थाला स्वतःचा रंगच नसतो.

आधी एक छोटा फरक

डाय आणि पिगमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डाय पाण्यात विरघळतो आणि धाग्याला चिकटतो. पिगमेंट विरघळत नाही, तर बारीक कणांच्या रूपात रंगात, प्लास्टिकमध्ये किंवा शाईत अडकून बसतं. म्हणून डायचा त्रास मुख्यतः पाण्यातून आणि त्वचेतून होतो, तर पिगमेंटचा धुळीतून. जुना ऑइलपेंट भिंतीवर आहे तोपर्यंत तो फारसं काही करत नाही. दिवाळीआधी सँडपेपरने घासायला घेतला की प्रश्न सुरू होतो.

रंगाचा कारखाना आणि मूत्राशयाचा कॅन्सर

१८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा मुलगा मलेरियावरचं क्विनाइन कृत्रिमरीत्या बनवायला गेला आणि त्याच्या हाती लागला जांभळा रंग. तोपर्यंत रंग म्हणजे नीळ, मंजिष्ठा, लाख, किडे आणि शिंपले. पर्किननंतर डांबरातून निघणाऱ्या अ‍ॅनिलीनपासून रंगांची रांगच लागली. जर्मनीत मोठे कारखाने उभे राहिले. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातली निळीची शेती उतरणीला लागली.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९५ मध्ये, फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी एक विचित्र गोष्ट मांडली होती. फुक्सीन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठींचे तीन रुग्ण त्यांना आढळले होते. पुढे कळलं की मुख्य दोषी तयार रंग नव्हता. बेन्झिडिन आणि २-नॅफ्थिलअमाइन हा रंग बनवण्यासाठी लागणारा कच्चा माल मूत्राशयाचा कॅन्सर घडवत होता. ब्रिटनमध्ये १९५४ मध्ये रंग उद्योगातल्या कामगारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि शंकेला जागा राहिली नाही. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था या दोन्ही रसायनांना ‘माणसात कॅन्सर घडवणारे’ या पहिल्या गटात ठेवते.

यात दोन गोष्टी भीतिदायक आहेत. एक म्हणजे वेळ. संपर्क आणि आजार यांच्यात अनेकदा १५-२० वर्षांचं अंतर असतं. कामगार नोकरी सोडून गावी गेलेला असतो आणि लघवीतून रक्त यायला लागतं तेव्हा तो ‘आपण पूर्वी काय काम करायचो’ हे डॉक्टरांना सांगतही नाही. दुसरी म्हणजे, शुद्ध बेन्झिडिन हा जवळजवळ रंगहीन पदार्थ आहे. अंगावर डाग पडत नाही, म्हणून भीतीही वाटत नाही.

जपानमधल्या क्योतोचं उदाहरण यात हटकून दिलं जातं. तिथे रेशमी किमोनोवर नक्षी रंगवणारे कारागीर ब्रशला टोक आणण्यासाठी तो जिभेने ओला करायचे. त्यांच्यात मूत्राशयाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं. ते कच्च्या मालाला हात लावत नव्हते, तयार रंगच वापरत होते. मग बेन्झिडिन आलं कुठून?

अ‍ॅझो म्हणजे काय, आणि सगळे अ‍ॅझो वाईट का?

जगात वापरल्या जाणाऱ्या रंगांपैकी निम्म्याहून जास्त रंग ‘अ‍ॅझो’ कुटुंबातले आहेत. त्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू पुलासारखे असतात आणि त्या पुलामुळेच रंग दिसतो. आपल्या आतड्यातले जिवाणू आणि काही प्रमाणात यकृत हा पूल तोडू शकतात. पूल तुटला की रंग नाहीसा होतो आणि दोन बाजूंचे तुकडे, म्हणजे अमाइन, सुटे होतात. रंग बेन्झिडिनपासून बनवलेला असेल तर पोटात पुन्हा बेन्झिडिन तयार. अहमदाबादच्या कामगारांवर १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं. फक्त तयार रंग हाताळणाऱ्यांच्या मूत्राशयाच्या पेशींमध्येसुद्धा बेन्झिडिनने डीएनएवर सोडलेल्या खुणा सापडल्या.

पण याचा अर्थ ‘अ‍ॅझो’ दिसलं की पळा, असा नाही. आपल्याकडे एफएसएसएआयने खाण्यासाठी परवानगी दिलेल्या आठ कृत्रिम रंगांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो ४ आर हे चार रंग अ‍ॅझोच आहेत. त्यांच्या तुकड्यांना सल्फोनिक गट जोडलेले असतात. त्यामुळे ते पाण्यात सहज विरघळतात, पेशीत शिरत नाहीत आणि लघवीवाटे निघून जातात. कुटुंब एकच असलं तरी स्वभाव अगदी वेगळा.

कायद्याने नेमका हाच फरक पकडला. जर्मनीने १९९४ मध्ये बंदी आणली. पुढे युरोपियन युनियनने घातक अमाइनची २२ नावांची यादी केली. त्वचेला लागणाऱ्या कापडात किंवा चामड्यात यातलं कुठलंही अमाइन किलोमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सुटत असेल तर तो माल तिथे विकता येत नाही. भारतानेही १९९० च्या दशकात बेन्झिडिनवर आधारलेले ४२ आणि इतर ७० अ‍ॅझो असे एकूण ११२ रंग हाताळायला मनाई केली. याबाबतीत आपण मागे नव्हतो, कारण निर्यातीचा माल परत आला तर तिरुपूर आणि इचलकरंजीसारख्या गावांचा धंदाच बसला असता.

दुकानातला नवा शर्ट घातला म्हणून कॅन्सर होईल, ही भीती त्यामुळे बरीचशी फुगवलेली आहे. नवे कपडे एकदा धुऊन घालावेत हे मात्र खरं. त्यामागे सुटा रंग आणि फिनिशिंगची रसायनं निघून जाणं एवढंच साधं कारण आहे.

ताटातला रंग

मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांच्यावरून २०२४ मध्ये बराच गदारोळ झाला. फेब्रुवारीत पुद्दुचेरी आणि तमिळनाडूत आणि मार्चमध्ये कर्नाटकात कारवाई झाली. कारण होतं ऱ्होडामाइन बी. हा कापड आणि कागद रंगवायचा झगझगीत गुलाबी रंग आहे, खायच्या रंगांच्या यादीत तो कुठेच नाही. तरीही तो वापरला जातो, कारण तो स्वस्त आहे आणि चिमूटभर पुरतो. परवानगी असलेले रंगसुद्धा बहुतेक पदार्थांमध्ये किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतात. गाडीवर हे मोजायला कोणाकडे तराजू असतो?

डोळ्यांना अजिबात संशय येणार नाही असं उदाहरण म्हणजे हळद. बांगलादेशात हळकुंडं चमकदार दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट चोळलं जायचं. लेड क्रोमेट म्हणजे शिसं असलेलं पिवळं पिगमेंट, जे रस्त्यावरचे पिवळे पट्टे रंगवायला वापरतात. संशोधकांनी गर्भवती महिलांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढला आणि तो हळदीपर्यंत पोचला. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने बाजारात धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सांगितलं. बाजारातल्या शिसंयुक्त नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आलं. ठरवलं तर हे इतक्या लवकर थांबतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियातल्या पाहणीत भारतातल्या काही शहरांच्या हळदीतही शिसं सापडलं, आणि पाटण्यातले नमुने सर्वांत वाईट होते. म्हणजे ‘नैसर्गिक पिवळा’ म्हणून आपण ज्याच्याकडे विश्वासाने बघतो, तिथेही पिगमेंट पोचलेलं आहे.

वडापाव वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका, असं एफएसएसएआयने २०२३ मध्ये पुन्हा बजावलं ते याच कारणाने. गरम तेलात शाई उतरते, आणि ती शाई खाण्यासाठी बनवलेली नसते.

पांढरं शुभ्र: तीन वेगवेगळ्या युक्त्या

रंगाबद्दल एवढी भीती असलेले आपण पांढऱ्याबद्दल मात्र निर्धास्त असतो. पांढरा म्हणजे स्वच्छ. पण पांढरेपणा तयार करण्याच्या युक्त्या अनेक आहेत आणि त्यांचे धोके एकमेकांपासून फार लांब आहेत.

सगळ्यात निरुपद्रवी म्हणजे आजीच्या काळातली डबीतली नीळ, म्हणजे अल्ट्रामरीन. जुना पांढरा कपडा पिवळसर पडतो. त्यावर किंचित निळा चढवला की डोळ्याला पिवळेपणा जाणवत नाही. हा खनिजासारखा पदार्थ पाण्यात विरघळतही नाही.

डिटर्जंटमधली युक्ती जास्त हुशार आहे. त्यातला ऑप्टिकल ब्राइटनर उन्हातले अदृश्य अतिनील किरण शोषतो आणि त्यांच्या जागी निळसर उजेड बाहेर टाकतो. कपडा जेवढा उजेड घेतो त्याहून जास्त परत देतोय असं वाटतं. डीजेच्या जांभळ्या दिव्याखाली पांढरे शर्ट भुतासारखे चमकतात ते यामुळेच. म्हणजे ‘नव्यासारखं शुभ्र’ होताना मळ जास्त निघालेला असतोच असं नाही. कपड्यावर एक न दिसणारा रंग चढलेला असतो. आरोग्याच्या दृष्टीने हे ब्राइटनर फारसे विषारी नाहीत, क्वचित कोणाला त्वचेची अ‍ॅलर्जी होते. पण ते सहज कुजत नाहीत आणि सांडपाण्याबरोबर नदीत जातात. इतके खात्रीने जातात की नदीत घरगुती सांडपाणी मिसळतंय का हे शोधायला संशोधक पाण्यातली ही चमकच मोजतात.

तिसरा पांढरा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. भिंतीचा रंग, प्लास्टिक, टूथपेस्ट, गोळ्यांचं आवरण, सनस्क्रीन सगळीकडे हा असतो. तो बनतो इल्मेनाइट या काळ्या खनिजापासून, जे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही आहे. काळ्या वाळूतून पांढराशुभ्र पदार्थ. खाण्यातल्या वापरावरून यात सध्या मतभेद आहेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं की त्याचे कण डीएनएला इजा करत नाहीत असं खात्रीने म्हणता येत नाही, म्हणून २०२२ पासून युरोपात तो खाण्यात बंद झाला. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ यांच्या तज्ज्ञ समितीने मात्र सध्याच्या वापरात काळजीचं कारण दिसत नाही असा निष्कर्ष काढला. कोणाचं ऐकायचं? माझं मत विचाराल तर, च्युइंगगम पांढरं दिसण्याने कोणाचं भलं होत नाही, मग शंका असलेली वस्तू त्यात हवीच कशाला? सनस्क्रीनचं तसं नाही, तिथे तो त्वचेवरच राहतो आणि काम करतो. त्याची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासात जाणं हा मात्र कारखान्यातल्या कामगाराचा धोका आहे.

आणि मग येतो खरा घातक पांढरा, कातडी ‘उजळवणारा’. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली होती. महाविद्यालयात शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींच्याही किडन्या बिघडल्या. तिघी एकच फेअरनेस क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली आणि क्रीममध्ये पारा सापडला. केरळमधल्या डॉक्टरांनी तर २०२४ मध्ये आकडेच मांडले. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण त्यांच्याकडे आले. त्यातले १५ जण एका दुर्मिळ प्रकारचे होते, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी त्रास सुरू होण्याआधी फेअरनेस क्रीम वापरल्याचं सांगितलं.

पारा मेलॅनिन तयार करणाऱ्या एन्झाइमला अडवतो. त्यामुळे चेहरा खरोखर उजळ दिसतो, तेही काही आठवड्यांत. इथेच फसगत होते. क्रीम ‘काम करतंय’ असं दिसतं आणि पारा त्वचेतून रक्तात, तिथून किडनीत जाऊन बसतो. टॉवेल, उशी यांच्यातून घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोचतो. भारतात सौंदर्यप्रसाधनांमध्ये पारा घालायला बंदी आहे, चुकून आलेला पाराही किलोमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही (डोळ्यांच्या मेकअपला मात्र वेगळी, जास्त मर्यादा आहे). पण पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेल्या डबीवर हा नियम कोण तपासणार? असं क्रीम वापरत असताना पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येत असेल तर क्रीम थांबवा, डबी सोबत घ्या आणि डॉक्टरांकडे जा.

नदी निळी झाली की बातमी, खारट झाली की?

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीतल्या निळ्या कुत्र्यांचे फोटो जगभर गेले होते. रंगाच्या एका कारखान्याच्या आवारात शिरलेल्या भटक्या कुत्र्यांच्या अंगावर तो रंग चढला होता. धुतल्यावर उतरलाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद केला. त्याआधी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरव्या पावसाची चर्चा होती आणि २०२० मध्ये तिथल्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पाहणीला गेले. हिरवा, गुलाबी, निळा, सगळं कॅमेऱ्यात छान येतं.

कापड रंगवताना सगळा डाय धाग्यावर बसत नाही. सुती कापडाला वापरल्या जाणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांमध्ये १० ते ५० टक्के रंग पाण्याबरोबर वाहून जातो. लिटरमागे १ मिलिग्रॅमहूनही कमी रंग असला तरी पाणी रंगीत दिसतं. त्यामुळे उजेड खाली जात नाही, पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ यांच्यावर परिणाम होतो. पण रंगापेक्षा मोठं ओझं असतं मिठाचं. रंग धाग्यावर बसवायला लिटरभर पाण्यात कित्येकदा ३० ते १०० ग्रॅम मीठ घालावं लागतं, आणि ते जवळजवळ सगळं बाहेर येतं. ते ना दिसतं, ना साध्या प्रक्रियेने निघतं.

तिरुपूरमध्ये हेच झालं. गंजी-टीशर्टच्या या शहराचं पाणी नोय्यल नदीतून ओरथुपालयम धरणात साठत गेलं. शेतीसाठी बांधलेलं धरण खारट सांडपाण्याचा तलाव झालं, खालच्या गावांतल्या विहिरी आणि शेतं गेली. शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेच्या वर रंगाई युनिटं बंद करायला लावली. पाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची यंत्रणा बसवा आणि मगच सुरू करा, असा आदेश होता. आज ते शहर पाणी उकळवून, गाळून मीठ परत काढतं. हे महाग पडतं आणि त्याला वीजही भरपूर लागते.

राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछरीची गोष्ट याहून कडू आहे. तिथे १९८८ च्या सुमारास एच-अ‍ॅसिड, म्हणजे अ‍ॅझो रंगांचा कच्चा माल, बनवायला सुरुवात झाली. काम थोडाच काळ चाललं, पण मागे उरला सुमारे २,४४० टन विषारी गाळ. पावसाने तो जमिनीत मुरला आणि गावच्या विहिरींचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणात ‘प्रदूषण करणाऱ्याने पैसे भरावेत’ हे तत्त्व ठामपणे सांगितलं. एच-अ‍ॅसिड ना कोणाच्या अंगावर असतं, ना ताटात. आपल्या शर्टाच्या रंगाची ही किंमत दुसऱ्याच कुठल्यातरी गावाने भरलेली असते.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. अ‍ॅझोचा पूल पोटात तुटतो तसाच ऑक्सिजन नसलेल्या टाकीतही तुटतो. पाणी स्वच्छ दिसायला लागतं आणि अमाइन तसेच राहतात. त्यांना खायला पुढे हवा सोडलेली दुसरी टाकी लागते. फक्त ब्लीच टाकून रंग उडवला तर फोटोत नदी सुधारलेली दिसेल.

मग नैसर्गिकच वापरावं का?

वापरा, पण आंधळेपणाने नको. ‘काळी मेंदी’ नावाने मिळणाऱ्या बऱ्याच पाकिटांमध्ये पीपीडी हे केस काळे करणारं कृत्रिम रसायन असतं, आणि ते त्वचेवर थेट लावल्याने फोड आल्याची उदाहरणं भरपूर आहेत. खरी मेंदी काळी नसते. वनस्पतींचे रंग कापडावर टिकवायलाही क्षार लागतात. तुरटी असेल तर ठीक, पण तांबं किंवा क्रोमियम असेल तर नदीला फरक पडत नाही की रंग झाडाचा होता.

घरातल्या ऑइलपेंटबाबत नियम आहे. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये. त्याआधीचा थर भिंतीवर, ग्रिलवर असेल तर तो कोरडा घासू नका. पाणी मारून ओला करा, मुलांना आणि गर्भवतींना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा, निघालेला चुरा झाडूऐवजी ओल्या फडक्याने उचला. पेणसारख्या ठिकाणी गणपती रंगवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. विसर्जनाच्या पाण्याची चर्चा दरवर्षी होते, पण चार-सहा महिने बंद शेडमध्ये स्प्रे मारणाऱ्या माणसाच्या तोंडावर कोणता मास्क आहे, याची होत नाही. रंगाई युनिटमध्येही सगळ्यात जास्त धोका ड्रम उघडून पावडर मापणाऱ्याला असतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या धुळीने दमा होतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ती धूळ अडवत नाही.

तुमच्या गावातली नदी किंवा नाला रंगीत दिसला तर व्हिडिओ टाका, जरूर टाका. सोबत तारीख, वेळ आणि नेमकी जागा लिहा आणि त्याच दिवशी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या, कारण दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात रंग नसतो. तक्रारीत पाण्याचा रंग तपासा एवढंच लिहू नका. टीडीएस आणि सीओडी तपासा असंही लिहा. टीडीएसमधून विरघळलेलं मीठ कळतं आणि सीओडीमधून न दिसणारा रासायनिक भार.